आबांच्या कानाचा प्रश्न

त्या दिवसांत मी मोर्चांची पत्रकं वाटत जळगावभर हिंडायचो आणि कुणाचं ऐकून घेत नसे. अपवाद फक्त आमच्या शेजाऱ्यांचा. ते कचेरीत कारकून होते, पण घरी सतत सोल्डरिंग करत बसायचे आणि प्रत्येक वाक्याआधी ‘आता बघा’ म्हणायचे.

त्यांच्या वडिलांना, आबांना, कमी ऐकू येई. म्हणून शेजाऱ्यांनी रेडिओला जोडायचा हेडफोन ॲम्प्लिफायर साबणाच्या डबीत बसवला. पहिल्याच दिवशी त्यातून अशी शिटी फुटली, की आबांनी हेडफोन फेकून दिला.

शेजारी त्या डबीलाच विचारत, "बोल भाऊ, कुठे दुखतंय?" शेवटी दोष सापडला. आत येणारी आणि बाहेर जाणारी तार त्यांनी एकत्र गुंडाळली होती. तारा एकमेकींपासून दूर केल्या, शिटी थांबली. पण आबा म्हणाले, "आधी तू लाव."

मग रोज संध्याकाळी शेजारी स्वतः हेडफोन लावून आबांसमोर बसत. आबा त्यांचा चेहरा निरखत आणि नकारार्थी मान हलवत.

मी चिडलो. "दुरुस्त झालंय ना? मग ठणकावून सांगा त्यांना."

"आता बघा, कान त्यांचा आहे," ते म्हणाले आणि बसून राहिले.

एका संध्याकाळी रेडिओवर केळीचे भाव लागायची वेळ झाली. यावलला आबांची बाग होती. भाव ऐकता ऐकता शेजाऱ्यांच्या भुवया वर गेल्या, पण ते तसेच ऐकत राहिले.

आबांनी हात पुढे केला. "तूच आयकत बसशी का? दे माले."