मेलं कोण, महाराज?

कपाळावर बुक्का, पापण्यांवर पीठ आणि डोक्यात खून, अशा अवस्थेत लोह्याचे महाराज मला पहिल्यांदा भेटले. पिठाच्या गिरणीत एका उपड्या डब्यावर बसून ते सप्ताहाच्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होते. मी नांदेडहून त्यांच्या प्रवचनांच्या पुस्तिकेसाठी गेलो होतो. मान वर न करता ते म्हणाले, "बसा सर. एवढा वकील मरू द्या, मग बोलू."

गाव त्यांना दोन नात्यांनी ओळखत होतं. वर्षभर गिरणीवाले आणि सप्ताहाचे सात दिवस दुपारचे प्रवचनकार. तिसरं नातं गावाला ठाऊक नव्हतं. लातूरच्या स्टँडवर लोंबकळणाऱ्या 'कॅप्टन दिलावर' यांच्या रहस्यकादंबऱ्या महाराजांच्या होत्या. लष्कराशी त्यांचा संबंध एवढाच, की गिरणीत ते घालायचे त्या चपला फौजेतून परतलेल्या मेव्हण्याच्या होत्या. हे गुपित वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आणि मला ठाऊक होतं. मी कॉलेजात मराठी शिकवायचो आणि फावल्या वेळात लोकांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासून, पानं लावून द्यायचो. महाराजांची दोन्ही प्रकारची पुस्तकं माझ्याकडेच येत. हस्तलिखित उघडलं की टेबलावर ज्वारीचं पीठ सांडायचं.

कोणताही महाराज दिसला की मी आधी त्याच्या अंगठ्या मोजतो. यांच्या बोटांत एकही नव्हती. कानावर शिसपेन्सिल होती. तरी मी टोचून पाहिलं. "महाराज, एका हातात पोथी, एका हातात सुरा. जमतं कसं?"

"सर, काम एकच हाय. देवबी लपलेला, खुनीबी लपलेला. आपन हुडकून राहिलो."

"पण फरक असेल ना काही?"

"हाय की. प्रवचनात मी गुन्हेगार पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. आपल्यातच बसलाय म्हनतो. कादंबरीत जरा उशीर लावावा लागतो, नायतर पुस्तक कोन घेनार?"

त्यांच्या कादंबरीची परीक्षा गिरणीतच व्हायची. वहिनी चाळणीनं गहू चाळत बसायच्या आणि महाराज, जात्याचा आवाज चिरत, प्रकरण वाचून दाखवायचे. डबाभर गहू चाळून व्हायच्या आत वहिनींनी खुनी ओळखला, की महाराज मुकाट्यानं कागद फाडत. "ह्यांचं ध्यान हितं असतं का?" वहिनी मला सांगायच्या. "परवा एका बाईच्या ज्वारीत गहू मिसळला. का, तर डॉक्टरला गच्चीवरून ढकलायचं राहिलं होतं!" एक नियम मात्र महाराजांनी कडक पाळला. त्यांच्या पुस्तकात विषानं कोणी मरत नाही. "गिऱ्हाईक दळन आनायचं बंद होईल," ते म्हणत.

मग एका साली प्रवचनांची नवी पुस्तिका निघाली. सप्ताह समितीनं ती छापून घेतली होती, म्हणून मुखपृष्ठावर समितीच्या अध्यक्षांचा फोटो देवापेक्षा दोन बोटं मोठा होता. सहाव्या दिवशी ती मांडवात वाटली गेली. शेवटचं प्रकरण होतं 'कबुली'. भगवंतापुढे माणूस आपला दोष कसा कबूल करतो, हे त्यात असायला हवं होतं. छापलं गेलं होतं ते नव्या, अजून न छापलेल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण. त्याचंही नाव 'कबुली'च. त्यात एक दिवाणजी, विळ्याची मूठ पुसता पुसता, आपण तो कुणाच्या मानेत कसा घातला ते सविस्तर सांगत होता. 'त्याच्या' मानेत, एवढंच. नाव आधीच्या प्रकरणांत होतं.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावानं वाचलं. गिरणीच्या दारात पारायण मंडळातल्या सुभद्रामावशींनी पुस्तिका फडकवली. "महाराज, मारनारा कळाला. पन मेलं कोन?"

"कशाला पाहिजे मावशी?"

"रात्रभर झोप न्हाई यायची ओ!"

अध्यक्षांची झोप निराळ्या कारणानं उडाली होती. त्यांनी महाराजांना मांडवामागे बोलावलं. मीही होतो. "उद्या व्यासपीठावर सांगून टाका," अध्यक्ष म्हणाले, "ही पानं तुमची न्हाईत. छापनाऱ्यानं दुसऱ्याची घुसडली. दोन मिनिटाचं काम हाय. न्हाईतर पुढल्या सालापासून ही जागा दुसऱ्याची."

वीस वर्षं ती जागा महाराजांची होती. त्या सात दिवसांसाठी ते वर्षभर वाचत, ओव्यांवर खुणा करत, दळणाच्या रांगेतल्या माणसावर दृष्टान्त घासून पाहत. शिवाय अध्यक्षांनी सुचवलेलं निम्मं खरंच होतं. चूक छापतानाचीच होती.

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. महाराज उभे राहिले. त्यांची नजर रांगांवरून फिरली, माझ्यावरून गेली, थांबली नाही.

"पानं माझीच हायेत," ते म्हणाले. "कॅप्टन दिलावर मीच. लिहिलं ह्यात पाप न्हाई. नाव लपवलं, अन् हितं बसून तुम्हाला उघडं वागा म्हनलो, ते मातर चुकलं." मग त्यांनी ओवी घेतली आणि नेहमीसारखं, ठरल्या वेळेत प्रवचन संपवलं.

पानं मी लावली होती. दोन फायली, दोन्हींवर 'कबुली'. कादंबरी मी चवीनं वाचायचो. प्रवचनांचे नुसते ऱ्हस्वदीर्घ बघायचो. दुसऱ्याच्या श्रद्धेकडे वरून पाहण्याची माझी सवय अशी छापून आली. त्या दिवशी उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी चपला शोधत बसलो.

जागा गेली. पुढच्या साली मोठ्या गाडीतून, स्वतःचे स्पीकर घेऊन एक महाराज आले. आपले महाराज मागच्या खांबाला टेकून मन लावून ऐकत. पण गावानं वाट काढली. दुपारी लाईट जायची वेळ ठरलेली होती. नेमक्या त्याच वेळी बायका दळण घेऊन येऊ लागल्या. जातं थांबलं की महाराज पेन्सिल कानावर ठेवून बोलायला लागत. आधी ओवी, मग मेलं कोण. लाईट आली की सुभद्रामावशींचा चेहरा उतरायचा. नव्या पुस्तकांवर आता त्यांचं खरं नाव होतं, खाली गिरणीचा पत्ता.

गेल्या थंडीत महाराज गेले. तेराव्याला अध्यक्षांनी त्यांच्या 'साहित्यसेवेवर' अर्धा तास भाषण केलं. माणसं पांगल्यावर मी गिरणीत गेलो. वहिनी गहू चाळत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, त्या साली पानं मी चुकवली होती."

चाळणी थांबली नाही.

"त्यांना ठाऊक होतं सर. पहिल्याच दिवशी."

"मग कधी बोलले का नाहीत?"

"मी म्हनलं होतं, सरांना इचारा एकदा. तर म्हनले, न्हाई. गुन्हेगार शेवटच्या पानावर आपल्या तोंडानं बोलला पाहिजे, मधी घाई करायची न्हाई." त्यांनी चाळणीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. "दर दिवाळीला तुम्ही येऊन गेलात की मला म्हनायचे, अजून पानं शिल्लक हायेत."