आईपाशी बोललेलं

माझ्या मुलाची चूक होती, हे मी नाकारत नाही. 'ते रापा' नावाच्या भागातल्या कामावरून परतताना त्याच्या गाडीने एका सायकलवाल्याला उडवलं. बिचाऱ्याचा पाय मोडला. ऊन डोळ्यांवर आलं, असं मुलाने पोलिसांना सांगितलं. घरी मी भाजी निवडत होते. तो शेजारी येऊन बसला आणि रडत म्हणाला, "आई, मी फोन बघत होतो." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ह्यांनाही मी त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

आठवड्याभराने आमच्या रोटोटुना भागातल्या घरी एक पोलीस आला. मुलगा कामावर होता. "किया ओरा" असा इथला नमस्कार करत पोलिसाने दारात बूट काढले आणि एवढ्यावरच हे पाघळले. चहा काय, चिवडा काय! अशा वेळी शहाणा माणूस मूग गिळून बसतो. ह्यांना मुलाचे गुण गायचे होते.

"व्हेरी ऑनेस्ट बॉय. आईला एव्हरीथिंग सांगतो. नथिंग हिडन!"

पोलिसाने कप खाली ठेवला. "सो, व्हॉट डिड ही टेल यू?" त्याने मला विचारलं. मी चिवड्याची वाटी उचलून आत गेले. त्याला काय समजायचं ते समजलं.

मग साक्षीसाठी मला समन्स आलं. मुलाच्या वकीलबाई म्हणाल्या, वकिलाशी झालेलं बोलणं कोर्ट विचारू शकत नाही. पाद्र्यापाशी दिलेली कबुलीसुद्धा नाही.

"आणि आईला सांगितलेलं?"

आईसाठी तशी सोय नाही म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला नऊ महिने पोटात वाढवलं, त्याचं एक वाक्य पोटात ठेवायची मला मुभा नाही! मी मुलाला सांगून टाकलं, कोर्टात मी सरळ खोटं बोलणार, पुढचं देव बघून घेईल.

साक्षीची वेळच आली नाही. त्याने आधीच गुन्हा कबूल केला. "तुला खोटी शपथ घ्यायला लावू?" एवढंच म्हणाला. ह्यांची छाती पुन्हा फुगली. बघ, म्हणे, ऑनेस्ट!

लायसन्स गेलं, दंड झाला, खटला मिटला. मी अजून भाजी निवडायला बसले की शेजारची खुर्ची मोकळी ठेवते. परवा तो बसने घरी आला, तेव्हा डोळे लाल दिसले. काय झालं रे, मी विचारलं.

"तुला न सांगितलेलं बरं, आई," म्हणाला, आणि उभ्याउभ्या डबा घासायला लागला.