उपवासाच्या ताटातलं दही

सगळ्यात आधी वडिवळ्याच्या हौसामावशींचं नाव लिहितो. बाकीचं सांगता सांगता ते राहून जाईल, अशी धास्ती वाटते. माझी डावी मांडी आज जी आहे, ती निम्मी त्यांच्या हातची. उरलेली निम्मी मी घाम गाळून कमावली, पण तीही त्यांच्याच अंगणात.

मी नांदेडच्या बाजूचा, मुखेडकडचा. दहावी झाली, शाळा सुटली आणि सैन्यात भरती झालो. पलटणीत नाईक संदीप माझा बडी, म्हणजे कायमचा जोडीदार. हौसामावशींचा मुलगा. एकदा फायरिंग रेंजवर गाडीतून उडी मारली, पाय खड्ड्यात गेला आणि गुडघ्याजवळ हाड मोडलं. गोळी नाही, शत्रू नाही, नुसता खड्डा. सांगायलाही लाज वाटायची.

प्लास्टर निघालं तेव्हा मी घाबरलो. उजवी मांडी माझी होती. डावी एखाद्या शाळकरी पोराची वाटत होती. मेडिकल बोर्डाने लो कॅटेगरी दिली, म्हणजे सध्या फक्त हलकं काम. पुढच्या हिवाळ्यात पलटण उंचावरच्या पोस्टवर जाणार होती. त्याआधीच्या बोर्डात पाय पास झाला नाही, तर माझी रायफल कंपनी सुटणार आणि संदीप दुसऱ्या कुणाच्या जोडीने वर जाणार. रात्रंदिवस तेच डोक्यात.

तपासणी लोणावळ्याच्या सैनिकी हॉस्पिटलात व्हायची. मुखेडहून दर आठवड्याला येणं जमण्यासारखं नव्हतं. संदीपचा फोन आला.

"सिक लीव्ह आमच्या घरी काढ. वडिवळ्याहून लोणावळा जवळ पडतं. तेवढीच सोबत हुईल."

"मावशींना?"

"म्हशीला. आईला सोबतीची गरज न्हाई."

वडिवळ्यात माझा दिवस ठरलेला होता. सकाळी भिंतीला टेकून बसायचं, पायाला वाळूची पिशवी बांधायची, गुडघा सरळ ठेवून पाय उचलायचा. मग हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं. संध्याकाळी धरणाच्या बाजूला चढावर चालायचं. फिजिओथेरपीच्या कॅप्टन मॅडम दर खेपेला थोडी वाळू वाढवायला सांगायच्या आणि टेपने मांडी मोजायच्या. मी एकही दिवस चुकवला नाही. तरी टेप हलत नव्हती.

"खातोस काय?" मॅडमनी विचारलं.

"भात, भाकरी, डाळ, अंडी, दूध. भरपूर, मॅडम."

मी खोटं बोललो नव्हतो. जेवायच्या दिवशी हे सगळं खात होतो. पण पाय बरा व्हावा म्हणून नवस केला होता. सोमवार, गुरुवार, शनिवार उपवास. त्या दिवशी नुसता साबुदाणा नाहीतर भगर, आणि कोरा चहा. मॅडमनी खाणं विचारलं होतं. उपवास हे काही खाणं नव्हे. त्यामुळे तो सांगायचं डोक्यातच आलं नाही.

पुढच्या खेपेला मावशी लोणावळ्याला सोबत आल्या. मॅडमनी तोच प्रश्न विचारला, मी तेच उत्तर दिलं. दाराशी उभ्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, ह्यो आठवड्यातलं तीन दिस साबुदाण्यावर असतो. पायासाठीच उपास हायेत म्हणं."

मॅडमनी टेप खाली ठेवली. "अरे, व्यायामाने तू रोज गवंडी कामावर बोलावतोस. तीन दिवस त्याला वीटच देत नाहीस. प्रथिनं म्हणजे वीट. साबुदाण्यात ती जवळपास नाहीच. आणि एका जेवणात ढीगभर खाऊन भागत नाही, थोडी थोडी रोज, प्रत्येक जेवणात पाहिजे."

परतताना डोक्यात एकच घोळत होतं. नवस मोडावा तर देवाची भीती, पाळावा तर बोर्डाची. कामशेतला उतरल्यावर मावशींनी विचारलं, "उपासाला दूध चालतं?"

"चालतं."

"दही? शेंगदाणं?"

"चालतात."

"मंग देवानं कुटं अडवलंय? तूच अडवून बसलायस."

सोमवारी ताटात भगरीच्या दुप्पट घट्ट दही होतं, बाजूला भाजलेले शेंगदाणे आणि दुधाचा पेला. मी म्हणालो, "मावशी, असा भरल्या पोटी उपवास देवाला पोचेल का?"

"न्हाई पोचला तर माझ्या नावावर घाल. खा गुमान."

जेवायच्या दिवशी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, अंडी, कधी धरणातला मासा. लोणावळ्याच्या जिममधली पोरं पावडरचे डबे घेऊन फिरायची. मला त्याची गरज पडली नाही. टेप एकदम नाही हलली. आधी केसभर, मग बोटभर. बोर्डाच्या दिवशी मला एका पायावर बसवून उठवलं. उठलो. कॅटेगरी परत मिळाली.

त्या हिवाळ्यात दोन पोस्टच्या मधल्या वाटेवर आमची लिंक पेट्रोल, म्हणजे गस्त होती. आम्ही चौघे. वरून बर्फ सुटलं आणि संदीप खाली फेकला गेला. आम्ही त्याला उकरून काढलं. शुद्धीत होता, पण पोटात मार बसला होता. मी रेडिओ उचलला.

"अल्फा फॉर बेस. एक कॅज्युअल्टी, सीरियस. ओव्हर."

"बेस फॉर अल्फा. हेलिकॉप्टर नाही, व्हिजिबिलिटी शून्य. स्ट्रेचर पार्टी खालून निघते. जमेल तेवढं उतरा. ओव्हर."

"विल्को. आउट."

दोघांनी पुढे वाट फोडली. संदीपला मी पाठीवर घेतलं. उतरताना सगळा भार पुढच्या पायावर येतो, आणि दर पावलाला मला वाटायचं, आता गुडघा मुडपणार. कानाशी संदीप म्हणाला, "भिऊ नको. आमच्या म्हशीचं दूध हाय त्यात. चाल."

गुडघा मुडपला नाही. अर्ध्या उतारावर स्ट्रेचर पार्टी भेटली.

बेस हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी तो आईशी फोनवर बोलला. त्यानंतरच्या पहाटे नाईक संदीप गेला. काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही. मावशींनीच एकदा सांगितलं, "म्हशीचं इचारत हुता. मंग म्हनला, 'माधवनं मला खाली आणला.' आवाज ऐकला रं मी त्याचा, तुझ्यामुळं."

आता मी पेन्शनीत आहे, खंडाळ्यात एका बंगल्यावर सिक्युरिटीला. सुट्टीला वडिवळं गाठतो. मावशींचं वय झालंय, दंड वाळलेत. वयात मांस आपोआप उतरतं, कसदार खाल्लं नाही आणि अंगाला ताण दिला नाही तर लवकर उतरतं, हे मला आता ठाऊक आहे. मी त्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावतो.

"मला काय बोर्डाला बसायचंय?"

"व्हय मावशी. साहेब मीच."

शिव्या देतात, पण उठतात. गेल्या महिन्यापासून कुणाच्या आधाराशिवाय धरणापर्यंत जाऊन येतात. बरं वाटतं.

संदीप माझ्या पाठीवर होता तेव्हा जी मांडी टिकली, तिचं देणं फिटायचं नाही. तरी मनाशी एक पक्कं केलंय. मावशींच्या पायात आणखी थोडी ताकद आली की त्यांना मुखेडला नेईन. माझ्या आईच्या शेजारी बसवीन, आणि त्या दिवशी दोघींना मी वाढीन.