वाच गं, काय लिहिलंय

आमच्या नर्सरीत हात अडकलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. ट्रेच्या खळग्यांत नारळाच्या भुशाचं कोकोपीट भरायचं, बोटानं खड्डा करायचा, बी टाकायचं, पुढचा ट्रे ओढायचा. असं वर्षानुवर्षं केल्यावर रोपं विकली जातात आणि किस्से तेवढे शेडमध्ये साठून राहतात.

शिवऱ्याजवळ हायवेला लागून आमची शेड आहे. एका ओळीत आम्ही चौघी बसतो. कौसामावशी साठीच्या पुढच्या, भाटघरच्या बाजूच्या. मंदा विंझरची. सुजाता इथलीच, पलीकडच्या गावातली. आणि मी, संगीता. चौघींत दहावीपर्यंत गेलेली मी एकटी. गणित राहिलं, पण मराठी वाचता येतं. त्यामुळे शिक्का मारलेला कुठलाही कागद माझ्याकडे येतो. "वाच गं, काय लिहिलंय."

मैत्रिणींना हे किस्से सांगते तेव्हा त्या हसतात. पण हातात कागद आला की मी अजून तो दोनदा वाचते. मी चुकीचं वाचलं तर भोगायचं त्यांनी.

*

निवडणूक आली की आमचे मुकादम नाना एखाद्या सकाळी म्हणतात, "आज ट्रे न्हाईत. टेम्पोत बसा." कुठं, ते विचारायचं नसतं.

मागच्या खेपेला लागोपाठ दोन दिवस नेलं. पहिल्या दिवशी एका पक्षाची सभा, दुसऱ्या दिवशी त्याच्या विरोधातल्याची. मैदान तेच, खुर्च्या त्याच, गळ्यातलं उपरणं तेवढं बदललं. मंदाला धास्ती, की कालचं कुणी ओळखलं तर? ती पदर कपाळाखाली ओढून बसली. कौसामावशी मात्र निवांत, तोंड उघडं टाकून.

नेमका एक कार्यकर्ता त्यांच्यापुढे येऊन थांबला. "मावशी, काल तुम्ही त्यांच्या सभेला होता ना?"

मंदानं माझं मनगट धरलं. हा माणूस नानांना काही बोलला असता, तर उद्यापासून काम बंद.

"व्हते की," मावशी म्हणाल्या.

"आणि आज इथं कशा?"

"काल तुमी टेम्पो पाठवला न्हवता."

तो आम्हाला पाण्याच्या बाटल्या देऊन पुढं गेला. घरी पोचेपर्यंत मंदानं तिच्या बाटलीचं झाकण उघडलं नाही.

*

एकदा दुपारी भाकरी खायला बसलो. खाली पसरायला सुजातानं रद्दीतला पेपर आणला होता. चटणीचा डाग पडला त्याच्या शेजारीच मला बातमी दिसली : मतदानाच्या दिवशी कामगारांना पगारी सुट्टी द्यायची, न देणाऱ्यावर कारवाई.

मी वाचून दाखवलं. कुणी घास घेईना.

"आपल्याला बी?" मंदानं विचारलं.

"कामगार लिहिलंय. आपण कोण मग?"

"नानाला सांगायचं कुणी?" सुजाता म्हणाली. गेल्या वर्षी पलीकडच्या शेडमधल्या एकीनं पायाला सूज आली म्हणून सुट्टी मागितली होती. नाना तिला म्हणाले होते, "घे की. कायमचीच घे." त्यानंतर ती बाई कुणाला दिसली नाही.

कौसामावशींनी भाकरी बाजूला ठेवली, पेपराची बारीक घडी घातली आणि चोळीत खोचली.

"मावशी, काय करताय?"

"नानानं बघितला तर इचारंल, ह्यो पेपर हितं कुणी आणला."

मतदानाच्या दिवशी आम्ही तिघी पहाटे उठून, सात वाजता रांगेत उभं राहून, आठच्या आत कामावर होतो.

*

पण मंदाला ते जमण्यासारखं नव्हतं, कारण तिचं मत विंझरला. ती नवऱ्याबरोबर शिवऱ्यात भाड्यानं राहते, पण रेशनकार्ड, मत, घरकुलाचा अर्ज, सगळं अजून गावाकडं. विधानसभेच्या आधी एक माणूस तिच्या खोलीवर येऊन सांगून गेला, "घरकुल पाहिजे ना? मग बटन आमचं दाबायचं. मशिनीत सगळं कळतं आम्हाला."

मंदानं मनात दुसरंच ठरवलं होतं. का, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ती खाडा करून एसटीनं गेली.

आदल्या निवडणुकीत ती बाळंतीण होती, त्यामुळे मशिनीशेजारचा काचेचा डबा तिनं कधी पाहिलेला नव्हता. मनातलं बटन दाबलं आणि काचेमागं दिवा लागून चिठ्ठी दिसली. तिला वाटलं, आता ही बाहेर येणार. चिठ्ठी तुटून आत पडली.

मंदा तिथंच उभी राहिली. "सायेब, माझी चिठ्ठी द्या."

"बाई, ती आतच राहते."

"आत कशाला? माझी हाय ती."

"पुढं व्हा. मागं रांग आहे."

दुसऱ्या दिवशी कामावर तिनं मला हळूच विचारलं, "तिच्यावर आपलं नाव असंल का गं?"

"नाही गं. चिन्ह असतं, उमेदवाराचं नाव असतं. आपलं नसतं."

"तू सगळी वाचलीस?"

मी माझी चिठ्ठी पाहिली होती, पण अक्षरन् अक्षर वाचली का? "वाचली," असं मी म्हणाले खरी, पण त्या दिवसापासून माझीही खात्री डळमळली.

पुढचा महिनाभर मंदा फोन वाजला की दचकायची. अनोळखी नंबर असला तर उचलायची नाही. घरकुल गेलं, असंच ती धरून चालली होती. नवऱ्याला तर काहीच सांगितलं नव्हतं. मग एक दिवस पंचायतीतून कागद आला. मी तीनदा वाचला. घरकुल मंजूर.

आम्ही म्हटलं, चहा पाज आता. मंदा कोकोपीटच्या ढिगावर तशीच बसून राहिली.

"संगीता," ती म्हणाली, "मंग म्या मत दिलं कुणाला?"

*

कौसामावशींच्या गावाचं नाव सांगत नाही. छोटं गाव आहे, लगेच कळेल कुणाचं बोलते ते. एका सोमवारी मावशी भाकरीच्या फडक्यात एक झेरॉक्स बांधून घेऊन आल्या. पुतण्यानं दिली होती. "काकू, तू लई मोठी झालीस," एवढंच बोलून तो निघून गेला होता.

मी वाचायला लागले. गावच्या ग्रामसभेचं इतिवृत्त होतं. गावचं गायरान गोदाम बांधायला भाड्यानं द्यावं, असा ठराव. खाली लिहिलं होतं, "सदर ठराव श्रीमती कौसाबाई यांनी मांडला व तो सर्वानुमते मंजूर झाला."

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"म्या मांडला?" मावशी म्हणाल्या. "म्या त्या दिवशी हितं ट्रे भरत व्हते. माझ्या शेरडांना तेवढंच गायरान हाय, म्या कशाला मांडीन?"

आठवून आठवून उलगडा झाला. महिन्यापूर्वी एकजण वही घेऊन दारोदार फिरला होता. रस्त्यासाठी अर्ज करायचाय म्हणाला, आणि सगळ्या बायांचे अंगठे घेऊन गेला. वहीचं पान कोरं होतं. मावशींचा अंगठा सर्वांत वर.

"तक्रार करू," मी म्हणाले.

"कुणाची? ज्यानं अंगठा घेतला त्याच्याच इहिरीवर पाणी भरते मी."

आठ दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. शेरडं चारायला नेताना गावातल्या बाया तोंडावर विचारायच्या, "कौसे, किती घेतलंस?" त्यांना कोण सांगणार?

मग पुढच्या ग्रामसभेला मावशींनी खाडा केला आणि त्या खरोखरच जाऊन बसल्या. बायांमध्ये त्या एकट्याच होत्या. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. विषय संपत आले तशा त्या उठल्या.

"गायरानाचा ठराव म्या मांडला व्हता न्हवं?"

सगळी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. नाही म्हणावं तर वही खोटी ठरते. शेवटी ज्यानं अंगठा घेतला होता तोच म्हणाला, "व्हय, तुम्हीच मांडला."

"मंग म्या तो माघारी घेते. लिवा."

लिहिलं का नाही, देव जाणे. त्यांना वाचता येत नाही आणि वहीची झेरॉक्स दुसऱ्यांदा कुणी काढून दिली नाही. गायरानावर अजून गोदाम नाही. सिमेंटचे खांब मात्र येऊन पडलेत. मावशी रोज संध्याकाळी शेरडं घेऊन जातात आणि आधी खांब वाढले का ते बघतात. आता त्या दुसऱ्या आळीतल्या विहिरीवर जातात. तेवढं लांब पडतं.

*

आता सुजाताचं सांगते. हे मी सहसा सांगत नाही, कारण यात माझंही तोंड काळं झालेलं आहे.

ग्रामपंचायतीला बौद्धवाडीच्या वॉर्डातली जागा महिलेसाठी राखीव निघाली. गावातल्या मोठ्या घरानं आपल्या गड्याची बायको ठरवून ठेवली होती, बिनविरोध. सुजातानं कुणाला न विचारता फॉर्म भरला. म्हणजे भरला मी, सही तिची. का भरतेस विचारलं तर म्हणाली, "वाडीतला नळ म्या धा वर्सं मागतीय. आता मागायचं न्हाई, द्यायच्या जागी बसायचं."

अर्ज माघारी घ्यायची मुदत दुपारी तीनला संपत होती, त्या दिवशी दीडला शेडसमोर गाडी थांबली. तीन माणसं उतरली. नाना त्यांना आत घेऊन आले. मला बाजूला बोलावून त्यांनी एक टाईप केलेला कागद हातात दिला.

"तिला वाचून दाखव. मतदारयादीत नाव दुरुस्त करायचा अर्ज हाय म्हणायचं."

मी वाचलं. उमेदवारी मागे घेत असल्याचा अर्ज होता.

"नाना, हे तर..."

"संगीता, तुझी पोरगी बारावीला हाय ना?" नाना हळू आवाजात म्हणाले. "काम टिकव."

मी सुजातापुढे जाऊन बसले. कागद डोळ्यांपुढे धरला आणि त्यात नसलेलं वाचलं. नाव, वय, मतदारयादी, दुरुस्ती. तिघांपैकी एकानं पेन पुढं केलं. "ताई, सही करा. तीनच्या आत भोरला तहसीलात पोचवायचंय."

सुजातानं कागदाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी खाली ट्रेकडे बघत राहिले.

"दे हिकडं," ती म्हणाली. "म्या बी तिसरी शिकलीय. सही करायची तर एकदा वाचून करते."

"वाचलं की तिनं आत्ता," तो माणूस म्हणाला.

"तिनं वाचलं. म्या न्हाई."

तिनं हात पदराला पुसले. कागद मांडीवर पसरला, पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं सुरुवात केली. "प्र... ति..." मातीचं बोट एकेका अक्षरावर थांबत पुढं सरकायचं. ओळ चुकली की ती पुन्हा वरून सुरू करायची. माणसं आधी उभी होती, मग उलटवलेल्या क्रेटवर बसली, मग पुन्हा उभी राहिली. एकजण बाहेर जाऊन गाडी चालू करून आला. नाना दोनदा म्हणाले, "आवर गं." ती मान वर न करता म्हणाली, "व्हय नाना. वाचतीय."

हायवेवरून गाड्या जात होत्या. आमच्यातल्या कुणीही ट्रेला हात लावला नाही.

तीन वाजले तेव्हा सुजाता ‘स्वखुशीने’ या शब्दावर होती.