डोक्यावरचा उकार

आमच्या दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर जी बाई बसायची, तिला आमचा अख्खा मनशिया मोहल्ला अब्ला म्हणायचा. अब्ला इन्शिराह. हसू नका. अलेक्झांड्रियात मास्तरणीला अब्ला म्हणतात, आणि आपल्या मराठीतल्या अबलेशी या बाईचा काडीचाही संबंध नव्हता. एकदा मीच तिला सांगितलं, की आमच्याकडे या शब्दाचा अर्थ होतो, जिच्यात बळ नाही ती. तिनं चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे तुमच्याकडे पुढे अ लावला की बाईचं बळ जातं?"

"हो ना."

"आमच्याकडे शेवटी त लावला की येतं," ती म्हणाली, आणि समोरच्या कागदावर लाल रेघ ओढून मोकळी झाली. मला तेव्हा ओ की ठो कळलं नाही.

मी मूळची मिरजेची शैला. मेधतशी लग्न करून इथे आले, तो गेला, त्याचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान मागे राहिलं, ते मी चालवते. इथली भाषा मी बाजारात भांडून शिकले, त्यामुळे व्याकरण वगैरे आपल्याला नको. अब्ला मात्र व्याकरणावरच जगायची. बाप बहरीच्या कोळीवाड्यात जाळी विणायचा, आणि ही मुलींच्या सरकारी शाळेत जन्मभर अरबी शिकवत राहिली. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "जो आला तो चुकीचं बोलायचा." निवृत्त झाल्यावर पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला दुकानात आली, आणि मशीनच्या काचेवर पडलेला कुण्या भलत्याच मुलीचा बायोडेटा वाचून भडकली. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. खुर्ची ओढून बसली ती बसलीच. फी विचाराल तर हिवाळ्यात एक भाजलेलं रताळं आणि उन्हाळ्यात काही नाही.

तिचा सगळा राग एका शब्दावर. तम्म. इथल्या कुठल्याही बायोडेटात बघा, ओळीओळीला तम्म. गोदामाची व्यवस्था तम्म. मालाची मोजणी तम्म. आपल्या सरकारी पत्रकात 'करण्यात आले' असतं ना, तोच प्रकार. काम झालेलं असतं, करणारा बेपत्ता. अब्ला पेन आपटायची.

"झालं, झालं, झालं! कुणी केलं? जिन-भुतांनी येऊन केलं का रे गाढवा?"

पण मोठे शब्द आणले की त्याहून जास्त चिडायची. एक पोरगा आला होता, केसांना जेल लावलेला. त्यानं लिहिलं होतं, विक्रीक्षेत्रात क्रांती घडवली आणि चमूचं नेतृत्व केलं. अब्लानं शांतपणे विचारलं, "बेटा, तुझ्या हातांनी काय केलंस?" तो घुटमळला. रामल स्टेशनच्या चौकात मोबाईलची कव्हरं विकायचा, म्हणे. "विकलीस ना? मग विकली लिही. पावसात उभा राहून विकलीस का?" हो म्हणाला. "मग पावसात उभा राहून विकली लिही. क्रांती काय करायचीय तुला?" पोराला एका दुकानवाल्यानं कामावर घेतलं, आणि पहिल्या पगाराचं रताळं घेऊन तो स्वतः आला. तेव्हापासून मी हिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. मोठं क्रियापद आणि खरं क्रियापद यातला फरक ती माणसाच्या हाताकडे बघून ओळखायची. जादूच म्हणायची, दुसरं काय!

अशात एका सकाळी रावया आली.

चाळिशीची असेल. काळा स्कार्फ, लाल झालेली बोटं, अंगाला कांद्याचा वास. कापडाच्या एका कारखान्यात कामगारांचं जेवण करायची. कारखाना बंद पडला. नवरा कधीच वारला होता. आता एका इस्पितळात स्वयंपाकघराला मुकादम हवी होती. ही नोकरी मिळाली तर ती आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहणार, नाही तर बोचकं बांधून दमनहूरला भावाच्या घरी जाणार. भावजय कशी आहे ते तिनं एका वाक्यात सांगितलं, "माझ्या ताटातल्या भाकरीकडे बघत जेवते." मला पुढचं सांगावं लागलं नाही.

भाच्यानं कॉम्प्युटरवर करून दिलेला बायोडेटा तिनं अब्लापुढे ठेवला. जोडीला कारखान्याच्या जेवणाच्या ठेकेदाराचं प्रमाणपत्र. त्यात लिहिलेलं, रावया ही मदतनीस. बायोडेटात ओळ होती, स्वयंपाकास मदत तम्म. पुढे, भोजन पुरवठा तम्म, अल्लाच्या कृपेने.

अब्लानं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकला. तिला वेळ लागणार, हे मला कळलं होतं.

"ठेकेदार स्वयंपाक करायचा?"

"हाज शौकी? छे! ते कैरोला असायचे. आजारी होते हो, बिचारे."

"मग सामान कोण आणायचं?"

"यायचं."

"पायांनी चालत यायचं? तांदूळ दारात येऊन अस्सलामु अलैकुम म्हणायचे?"

रावया हसली, मग ओशाळली. "आणायचे कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे कोण?"

बाई स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी अगदी हळू म्हणाली, "म... 'मी' या शब्दापासून अल्ला वाचवो... मी."

हे इथलं वळणच आहे. 'मी' म्हणायची वेळ आली की आधी त्या शब्दापासून देवाचं संरक्षण मागायचं. अहंकार नको, कुणाची दृष्ट नको. माझी सासूसुद्धा, 'मी' या शब्दापासून अल्ला वाचवो, मी जरा पडते, असं म्हणून झोपायची. मला आधी हसू यायचं. मग कळलं की यात फार बायका कायमच्या हरवतात.

अब्ला मात्र चिडली नाही. उलट आवाज खाली आणला तिनं. "कधी गॅस संपला होता का गं, ऐन वेळी?"

रावयाचा चेहराच बदलला. "रमजानात! रोजा सुटायला थोडाच वेळ. माणसं ताटावर बसलेली, आणि सिलेंडर गेलं. भात कच्चा, मसूर कच्ची. मग काय, पातेली उचलली, गाडीवाल्याला हाक मारली, मागच्या गल्लीत फुलवाल्याची मोठी भट्टी आहे, तिच्यात नेऊन घातली. भट्टीवाला ओरडत होता. त्याला म्हटलं, आधी शिजू दे, मग ओरड. अजान झाली तेव्हा पातेली परत जागेवर. एकही माणूस उपाशी उठला नाही..." एवढं बोलून ती दचकली आणि घाईघाईनं म्हणाली, "अल्लानं सोपं केलं हो. झालं कसंतरी."

(इथे फूल म्हणजे आपलं फूल नव्हे बरं का. भट्टीत मंद शिजवलेल्या वालासारख्या दाण्यांचा रस्सा, सकाळी सगळं शहर तोच खातं.)

"झालं," अब्ला म्हणाली. तिनं त्या शब्दावर लाल रेघ मारली. मग पेन हातात धरून बसून राहिली. खरं सांगते, मी असं कुणाला शब्द शोधताना बघितलेलं नाही. ओठ हलत होते. 'तयार केलं'? मान हलवली. 'पुरवलं'? नाही. 'सांभाळलं'? थोडं थांबली, तेही नाही. गिऱ्हाइकं येऊन गेली, मशीन घरघरलं, हिचा चहा निवला. आणि मग तिनं एकच शब्द लिहिला.

अतअमत.

"वाच."

रावयानं वाचला आणि कागदावरचा हात काढून घेतला. "अब्ला, नको! हे तर अल्लाचं काम. भुकेल्यांना जेवू घालणारा तो."

"घालणारा तोच. पण कुणाच्या हातानं? तुझ्या हाताला भट्टीचा डाग आहे की त्याच्या?" रावयानं नकळत मनगट झाकलं. डाग होता. मला इतका वेळ दिसलाच नव्हता. "आणि 'मी' लिहायलाच नकोय तुला. अल्लाला काय घाबरतेस, आपल्या भाषेलाच तुझी काळजी आहे. हे बघ, शेवटचा त. दोन टिंबं आहेत ना त्याच्यावर? त्यात लपून बसलीयेस तू. त्याच्या डोक्यावर उकार दे. अतअम्तु. मी जेवू घातलं. एका शब्दात बाई पण आली, काम पण आलं, आणि 'मी' तोंडातून काढावा लागला नाही."

मी झेरॉक्स काढता काढता थांबले. इतकी वर्षं ही भाषा बोलते मी, भाजीवाल्याशी, नळवाल्याशी, पोलिसाशी, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं! आपला उकार अक्षराच्या पायाशी लोंबतो. यांचा डोक्यावर बसतो. एवढासा, स्वल्पविरामासारखा. आणि त्याच्यात अख्खं माणूस.

रावया मात्र व्यवहाराची. तिनं विचारलं, "पण उकार तर तुम्ही लिहिलाच नाही. लोकं नाही लिहीत. मग कुणी 'अतअमत' वाचलं तर? तिनं जेवू घातलं, असं?"

"वाचतील. तसंही वाचता येतं."

"मग लिहा ना!"

"बालवाडीचं पुस्तक आहे का हे?" अब्ला म्हणाली. "वाचणारा शहाणा असला तर त्याला कळेल. नसला तर तू असशील ना तिथे?"

मला वाटलं, ही म्हातारी आडमुठेपणा करते आहे. तसं बोललेही. अब्लानं बाकीच्या ओळीही तशाच, शेवटी त लावून, बदलल्या आणि मग रताळं सोललं.

मुलाखतीला रावयानं मला सोबत नेलं. एकटी गेले तर दारातून परत येईन, म्हणाली. ट्राममध्ये सारखी कागद उघडून बघत होती. इस्पितळाचा व्यवस्थापक टाय लावलेला, टक्कल पडलेला, कामाखाली दबलेला माणूस. वाईट नव्हता. टेबलावर कागदांचा ढीग, आणि फोन थांबायला तयार नाही. मी दाराशी स्टुलावर बसले.

त्यानं आधी प्रमाणपत्र बघितलं. "मदतनीस." मग बायोडेटा उचलला आणि भरभर मोठ्यानं वाचायला लागला. सामान तिनं निवडलं. बाजारभाव तिनं ठरवले. गॅस संपला असता रोजा सुटण्याआधी सगळ्या कारखान्याला तिनं जेवू घातलं.

तो थांबला. फोन वाजत होता, तो त्यानं पालथा घातला.

"कोण ही बाई?"

त्यानं प्रमाणपत्र पुन्हा उचललं.

"नाही, प्रमाणपत्रात तू मदतनीस आहेस. मग ही कोण? मला अशीच बाई हवीय. तिला का नाही पाठवलंत? कुठे असते ती?"

अरे देवा! तोंडाची मी फटकळ, जीभ नुसती वळवळत होती, ओरडून सांगावं वाटत होतं, अहो, ही काय समोर बसलीय! पण ती बोलायची वेळ माझी नव्हती. रावयाच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. ती उठणार, असं मला वाटलं. तिनं पर्स छातीशी धरलीसुद्धा. मला दमनहूर दिसलं, ती भावजय दिसली, ते ताट दिसलं.

मग तिनं पर्स मांडीवर ठेवली. हात पुढे केला. भट्टीचा डाग त्याच्या डोळ्यांसमोर आला. तिनं कागदावरच्या त्या शब्दावर बोट टेकवलं.

"तच्या डोक्यावर उकार द्या, साहेब."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग कागदाकडे. ओठ हलले. एकदा 'त'पाशी अडखळला, आणि मग हळू, शाळेत वाचतात तसं वाचलं, "अतअम्तु." मग परत वरच्या ओळींवर गेला आणि सगळ्या पुन्हा वाचल्या, एकेक करून, उकारासकट. मी निवडलं. मी ठरवले. मी जेवू घातलं. शप्पथ सांगते, त्या ऑफिसात जणू कुणी नवीन माणूस आत आलं. रावया तीच, स्कार्फ तोच, कांद्याचा वास तोच. पण तो माणूस खुर्चीतून उठला.

"या, सित्त रावया," तो म्हणाला. सित्त म्हणजे बाईसाहेब. "स्वयंपाकघर दाखवतो."

मी ट्रामनं एकटीच परत आले, कारण ती तिथेच थांबली, पातेली बघत. अब्ला खुर्चीत वाट बघत होती. दुकानात गर्दी होती आणि तिनं एकाचाही कागद हातात घेतला नव्हता.

"शनिवारपासून कामावर," मी दारातूनच ओरडले.

"ते नव्हे गं. 'मी' म्हणाली का ती?"

"नाही."

अब्लाचा चेहरा पडला. मी घाईनं सगळं सांगितलं, साहेबानं कसं चुकीचं वाचलं, काय विचारलं, तिनं पर्स कशी छातीशी धरली, आणि मग काय म्हणाली. तेवढं वाक्य ऐकल्यावर अब्लानं हात वर केला.

"थांब. पुन्हा सांग."

"तच्या डोक्यावर उकार द्या, साहेब."

"द्या म्हणाली?"

"हो. बोट ठेवून."

चष्मा तिनं काढला. डोळ्यांना पाणी लागलं होतं, आणि ते पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं. जन्मभर वर्गावर्गातून क्रियापदं शिकवलेली बाई, पण असं काही तिनं ऐकलं नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"आज्ञार्थ," ती पुटपुटली. "आज्ञार्थ वापरला गं पोरीनं. साहेबाला!"