गैरहजर माणसाची खुर्ची

सुमतीकाकूंचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो. "अरे, हे गेले," एवढंच म्हणाल्या. कॅनडातल्या सस्काटूनच्या त्या थंडीत फावडं तिथेच टाकून मी शेजारी त्यांच्या घरी धावलो.

माधवकाका इथल्या विद्यापीठात रोमन कायदा शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शिकवायची खोड काही गेली नव्हती. आम्ही नवराबायको नागपूरहून नवे आलेलो; शेजारी म्हणून चहाला जायचो आणि डोक्यात रोम घेऊन परतायचो. आपल्या हातात नाही ते शांतपणे सोसावं असं मानणाऱ्या स्टोइक विचारांचा जुन्या रोमन कायदेपंडितांवर प्रभाव कसा होता, दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कुणाला दोषी ठरवू नये हे आजही इथल्या कोर्टात कसं पाळलं जातं, हे ते इतक्या जिव्हाळ्याने सांगत, की ती रोमन मंडळी पलीकडच्या गल्लीत राहतात असं वाटावं.

हा नियम त्यांनी स्वयंपाकघरातही लागू केला होता. समोर नसलेल्या माणसाबद्दल कुणी तक्रार सुरू केली, की ते खिडकीकडची खुर्ची टेबलाखालून बाहेर ओढायचे. "आरोपी बसलेत. बोला आता." मग आरोपीची बाजू स्वतःच मांडायचे, आणि निकाल लागला की खुर्ची आत. मंडळाच्या गणपतीला ऐनवेळी दांडी मारणारे, माझा मॅनेजर, सगळे तिथे बसून गेले. एकदा माझ्या बायकोने विंटरला शिव्या घातल्या, तर विंटरलाही खुर्ची मिळाली! "थंडी आपल्या हातात नाही गं, टोपी घालणं आहे," काका म्हणाले. तिने टोपी घातली नाही ती नाहीच. मला मात्र त्यांचं हे नाटक फार आवडायचं.

परवा गेलो तर काकू भडकलेल्या. काकांना आपला आजार मागच्या वसंतातच कळला होता, आणि अगदी अंथरुणाला खिळेपर्यंत त्यांनी घरात पत्ता लागू दिला नव्हता. लायब्ररीत जातो सांगून अपॉइंटमेंटला जायचे.

"स्टोइक म्हणे! मी काय परकी होते? मला सांगायचं नाही?" बोलता बोलता काकू थांबल्या. उठल्या आणि खिडकीकडची खुर्ची बाहेर ओढली... काकांच्या वतीने मी काहीतरी बोलू लागलो, तर म्हणाल्या, "तू थांब. ह्यांची बाजू मीच मांडते, जन्मभर ऐकलीय." "हे म्हणतील, सुमती, सांगितलं असतं तर अख्खा समर तू माझ्याकडे पेशंट म्हणून बघितलं असतंस. लेकवर पोहायला गेलो तेव्हा तेवढी हसली नसतीस."

खरंच, त्या उन्हाळ्यात तळ्यावर काकांचं पोहणं बघून काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. आम्हीही होतो तिथे.

"मग निकाल?" मी हळूच विचारलं.

"इतक्यात नाही," म्हणून त्या चहा टाकायला वळल्या.

निघताना सवयीने मी खुर्ची आत सरकवायला गेलो. "राहू दे," काकू म्हणाल्या. "केस अजून चालू आहे."