तिची कोण राखतं?

नारायणगावला कळंबची जीप भरायची वाट बघत उभा होतो, तेव्हा यमुनेच्या वडिलांचा, आबांचा, फोन आला. "मास्तर, यमू गेली आपली." सकाळी पुण्याच्या घरी चहा ठेवता ठेवता ती कोसळली होती. मी जीपमध्ये बसलो, कळंबला उतरलो, तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा शाळेत नेऊन ठेवला, आणि मग आबांच्या दारी गेलो. आधी वह्या का ठेवल्या, हे सात आठवडे झाले तरी मला सांगता येत नाही…

यमुना आणि मी कळंबच्या शाळेत एका वर्गात होतो. तिच्या घरी मेंढ्या. वाघरीला, म्हणजे कळपाभोवती लावायच्या जाळीला, टेकून ती अभ्यास करायची. मी शिक्षक झालो, ती पुण्याच्या प्रयोगशाळेत एका चुंबकी धातूचे अणू थंड करू लागली. मी पुस्तकं वाचून प्रश्न विचारायचो आणि ती हसायची. "अरे पुस्तक्या, थंड म्हणजे हळू. उधळलेल्या अणूंवर समोरून लेझरचा प्रकाश टाकायचा आणि त्यांचा वेग काढून घ्यायचा. शेवटी इतके हळू होतात की कुठला कोण ते वेगळं काढता येत नाही. आणि चुंबकी असले की लांबूनही एकमेकांना जाणतात. एकामागं एक असले तर ओढतात, शेजारी आले की ढकलतात." एकदा शेजारी बसून ऐकणारे आबा म्हणाले, "मंग मेंढरंच की ती!" तेव्हा मी, समजावण्याच्या हौसेनं, बोलून गेलो, "हो आबा, यमू तिथं अणू राखते."

ते वाक्य आबांनी धरूनच ठेवलं. दर रविवारी दहाला तिचा फोन आला की विचारायचे, "तुझी बरी हायेत ना?" ती म्हणायची, "बरी हायेत, आबा." तिनं दिलेला अणूंच्या ढगाचा फोटो, काळ्यावर एक पांढुरका ठिपका, त्यांनी कोनाड्यात ठेवला होता. शेजारच्या काकूंना ती सोनोग्राफी वाटली. "अगं, लगीन न करता?" यमू म्हणाली, "काकू, मला दर वीस सेकंदाला एक होतं!" आबाच सगळ्यात मोठ्यानं हसले.

मेंढपाळांच्यात घरचं माणूस गेलं तरी कळप कोण चारायला नेणार, हे त्याच दिवशी ठरतं. जनावराला सुतक नसतं. दहाव्याच्या दिवशी आबांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, तिची आता कोण राखतं? कुणाला नेमलं का न्हाई?" "पुण्याला जाऊन बघतो," म्हणालो. चूक माझीच होती, आणि ती दुरुस्त करायला मी अगदी वाईट दिवस गाठला असता.

पुढच्या आठवड्यात तिचं सामान आणायला पुण्याला गेलो. तिथल्या तिच्या सहकारी बाईंनी सांगितलं की ढग काही सेकंदच टिकतो. फोटो काढायचा प्रकाशच त्याला उधळून टाकतो. मग पुन्हा नवा करायचा. मी विचारलं, "मग आत्ता या यंत्राच्या आत काय आहे?" "काहीच नाही. तेच तर राखावं लागतं." यमूनं आतली हवा काढायला लावलेला पंप कित्येक वर्षं थांबलेला नव्हता. एकदा हवा शिरली की पुन्हा काढायला कित्येक आठवडे जातात. रोज सकाळी ती आतला दाब वहीत लिहायची. तिच्या शेवटच्या ओळीखाली आता या बाईंचं अक्षर होतं.

परत आलो तेव्हा आबा ओट्यावर वाघर सांधत होते. मी जमेल तसं सगळं सांगितलं. त्यांनी हातातली गाठ ओढून घट्ट केली.

"म्हंजी मेंढरं न्हाईत, पर वाघर उभी हाय."

"हो, आबा."

"कोण बघतं तिच्याकडं?"

"एक बाई. रोज सकाळी."

"नाव काय तिचं?"

मी विचारलंच नव्हतं. "लई शिकलासा मास्तर, आन् नाव न्हाई इचारलं?"

आता दर रविवारी आधी मी त्या मीराबाईंना फोन करतो. आबांना मी खरं सांगितलं, का एक चूक काढून तिथं दुसरी ठेवली, हे मला कळत नाही. यमूला विचारलं असतं… दहाला आबांचा फोन लावतो. ते कोनाड्याजवळ उभे असावेत.

"मीराबाई बरी हाय ना? वाघर उभी हाय?"

"उभी हाय, आबा."